इंजिन क्रमांक, चोरीचा माल आणि उत्तरदायित्व : मुंबईतील इंजिनबदलाच्या व्यवसायाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुंबईच्या औद्योगिक इतिहासात कापडगिरणी, गोदी आणि रेल्वे यांना जे स्थान मिळाले ते मोटार गॅरेजला मिळालेले नाही. गिरगाव, ताडदेव, दादर, परळ, लालबाग या भागांत रस्त्याच्या कडेला, चाळीच्या पुढल्या गाळ्यात किंवा गिरणीच्या भिंतीला लागून उभ्या राहिलेल्या लहान गॅरेजांनी या शहराची वाहने अनेक दशके चालती ठेवली. या गॅरेजांतील एक महत्त्वाचे काम म्हणजे इंजिनबदल. झिजलेले इंजिन उतरवून त्या जागी दुसरे, बहुधा जुनेच पण चालू अवस्थेतील इंजिन बसवणे हे कौशल्याचे आणि प्रतिष्ठेचे काम मानले जाई. परंतु दुसरे इंजिन आले कोठून, हा प्रश्न या कामाला प्रारंभापासून चिकटलेला आहे. ते इंजिन चोरीच्या गाडीतून काढलेले असेल तर त्याची जबाबदारी कोणाची? चोराची तर आहेच. पण विकणाऱ्या भंगारवाल्याची, बसवणाऱ्या मिस्त्रीची, पैसे मोजणाऱ्या टॅक्सीमालकाची आणि नोंद करणाऱ्या परिवहन कार्यालयाची किती? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुंबईच्या संदर्भात आणि ऐतिहासिक क्रमाने करण्याचा प्रयत्न केला आहे.

जुन्या गाडीचे दीर्घायुष्य

इंजिनबदलाचा व्यवसाय समजून घेण्यासाठी प्रथम गाड्यांची टंचाई समजून घ्यावी लागते. परळला लागूनच असलेल्या शिवडी येथे जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना सुरू केला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ला येथील तिच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या व पुढे फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने केवळ जुळणी करणाऱ्या परकीय कंपन्यांना उत्तेजन न देण्याचे धोरण स्वीकारले आणि १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. त्यानंतर सुमारे तीन दशके भारतीय ग्राहकापुढे फियाट, अॅम्बेसेडर आणि स्टँडर्ड एवढीच निवड राहिली. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबल्यावर गाडी मिळे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हा ही स्थिती बदलू लागली.

ज्या समाजात नवी गाडी मिळणे दुर्मीळ असते, त्या समाजात जुनी गाडी मरत नाही. तिचा एकेक अवयव बदलत जातो. पत्रा कुजला की पत्रा बदलतो, गिअरबॉक्स गेला की गिअरबॉक्स. इंजिनाच्या बाबतीत आधी 'रिबोअर' म्हणजे सिलिंडरचे छिद्र थोडे मोठे करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे हा उपाय असे. पण ब्लॉक कितीदा कापता येईल यालाही मर्यादा असते. शेवटी 'हाफ इंजिन' किंवा पूर्ण इंजिनच बदलावे लागे. फियाट ११००, तिचीच पुढील रूपे आणि १९७४ नंतरची प्रीमियर पद्मिनी यांची रचना मूलतः एकच असल्यामुळे एका गाडीचे इंजिन दुसरीत फारशी खटपट न करता बसे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा सारा ताफा या एकाच जातीच्या गाड्यांचा बनलेला होता. ही एकजिनसी रचना मिस्त्रीला सोयीची होती, तशीच चोरालाही. शहरात हजारो गाड्यांना लागू पडेल असा माल चोरला की गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेकांना हाताला मिळेल तो व्यवसाय पत्करावा लागला. टॅक्सी चालवणे आणि गॅरेजात काम करणे हे त्यांपैकी दोन. साचेखात्यात किंवा यंत्रशाळेत हातात पाना धरलेल्या माणसाला मोटारीचे इंजिन परके नव्हते. या लोकांकडे भांडवल नव्हते, म्हणून नव्या सुट्या भागांऐवजी जुन्या बाजाराकडे वळणे त्यांना क्रमप्राप्त होते. ऑपेरा हाऊस परिसरातील दुकानांत नवा व कंपनीचा माल मिळे, पण चोरबाजारात आणि पुढे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तोच भाग अपूर्व स्वस्त मिळे. स्वस्ताईचे कारण विचारण्याची पद्धत नव्हती.

बाजार आणि मालकी हक्क

भेंडी बाजाराजवळील मटण स्ट्रीट व आसपासच्या गल्ल्यांना 'चोरबाजार' हे नाव कसे पडले याविषयी 'शोर' या शब्दाचा अपभ्रंश झाला अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, नावाने बाजाराला एक मजेदार अभय मिळवून दिले हे निश्चित. घरात चोरी झाली तर वस्तू दोन दिवसांनी चोरबाजारात विकत मिळते, हा विनोद मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. विनोदाच्या मुळाशी एक गंभीर कायदेशीर प्रश्न दडलेला आहे. उघड्या बाजारात, दिवसाढवळ्या, दाम मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते काय?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ 'होय' असे होते. तेथील 'मार्केट ओव्हर्ट' या तत्त्वानुसार मान्य खुल्या बाजारात प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्याला चोरीच्या मालावरही चांगला हक्क मिळे. लंडनच्या मूळ शहरात तर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत उघड्या दुकानात झालेल्या खरेदीलाही हे संरक्षण होते. १८९३ च्या इंग्रजी मालविक्री कायद्याने हे तत्त्व कायम ठेवले आणि ते रद्द होण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

भारतात मात्र वेगळे घडले. करार कायद्याचा मसुदा तयार करणाऱ्या विधी आयोगाने १८६६ मध्ये प्रामाणिक खरेदीदाराला व्यापक संरक्षण देणारी तरतूद सुचवली होती. असे केल्यास गुरेचोरीला उत्तेजन मिळेल, चोरलेले जनावर दूरच्या बाजारात विकले की मूळ शेतकऱ्याचा हक्कच संपेल, अशा स्वरूपाची हरकत येथील शासनाने घेतली. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १०८ आले ते या हरकतीचा मान राखून : विकणाऱ्याला जो हक्क आहे त्याहून अधिक चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. अपवाद होते, परंतु मालकाच्या संमतीने वस्तू ताब्यात असणे ही त्यांतील मुख्य अपवादाची अट होती. चोरीत ती कधीच पूर्ण होत नाही. हाच नियम १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आला आणि तो आजही लागू आहे. बैलाच्या चोरीचा विचार करून घडवलेला नियम पुढे मोटारीच्या इंजिनाला लागू झाला, ही भारतीय कायद्याच्या इतिहासातील एक लक्षणीय गोष्ट मानावी लागेल. चोरबाजारात दाम मोजून घेतलेले इंजिन हे कायद्याच्या दृष्टीने मूळ मालकाचेच राहते.

खरेदीदाराला उपाय नाही असे नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १४ नुसार विकण्याचा हक्क आपल्याला आहे अशी विक्रेत्याची गर्भित शर्त असते. इंग्लंडमधील १९२३ च्या रोलंड विरुद्ध डिव्हॉल या प्रसिद्ध खटल्यात चोरीची मोटार विकत घेऊन काही महिने वापरलेल्या खरेदीदाराला पूर्ण किंमत परत मिळाली; वापराची वजावटही झाली नाही. तत्त्व स्पष्ट आहे. परंतु ज्याच्याकडे बिल नाही, विक्रेत्याचे नाव नाही आणि ज्याने नुसत्या तोंडओळखीवर रोख पैसे दिले, त्याने दावा कोणाविरुद्ध लावायचा? कायद्याने दिलेला उपाय बाजाराच्या रीतीने निरुपयोगी केला, असे म्हणण्यास जागा आहे.

येथे मिस्त्रीच्या श्रमाचाही प्रश्न येतो. चोरीचे म्हणून ओळखले गेलेले इंजिन मूळ मालकाकडे परत जाते तेव्हा त्यात घातलेले नवे पिस्टन, बेअरिंग आणि मजुरी कोणाची? ग्रीनवुड विरुद्ध बेनेट या १९७२ च्या इंग्रजी निवाड्यात मोडकी जग्वार गाडी ७५ पौंडांना प्रामाणिकपणे घेऊन तिच्यावर सुमारे २२६ पौंड खर्च करणाऱ्या गॅरेजवाल्याला दुरुस्तीचा खर्च देण्यात आला. मात्र गाडी मूळ मालकाचीच राहिली. मुंबईतील मिस्त्री एवढ्या दूर जाणारा नव्हता. तो आपला तोटा सोसून, पोलिसांच्या चौकशीतून सुटला यातच समाधान मानत असे.

क्रमांकाची सत्ता

इंजिनावर ठोकलेला क्रमांक हा या साऱ्या व्यवहारातील एकमेव साक्षीदार होय. १९१४ च्या कायद्याने मोटारींविषयी अखिल भारतीय पातळीवर प्रथम नियम आले, १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने नोंदणीची सविस्तर व्यवस्था लावली आणि १९८८ च्या अधिनियमाने तिची जागा घेतली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या नियम १२२ प्रमाणे चासी व इंजिन क्रमांक उठवणे उत्पादकावर बंधनकारक झाले. हे दोन क्रमांक नोंदणी पुस्तकात, म्हणजे रोजच्या भाषेतील आरसी बुकात, लिहिले जातात.

इंजिन बदलल्यास नोंद बदलली पाहिजे हे १९८८ च्या अधिनियमाच्या कलम ५२ वरून दिसते. मालकाने नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे आणि बदलाची नोंद करून घ्यावी, त्यासाठी १४ दिवसांची मुदत, अशी ही व्यवस्था आहे. दहा किंवा अधिक परिवहन वाहने बाळगणाऱ्या मालकांना त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन बदलण्यासाठी पूर्वमंजुरीतून सूट देता येईल, अशीही तरतूद त्यात होती. एकाच टॅक्सीचा मालक असलेल्या चालकाला या सवलतीचा उपयोग नव्हता, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. त्याहून कठोर तरतूद कलम ५५ मध्ये आहे. गाडीवरील इंजिन अथवा चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकाशी जुळत नसेल, तर मालकाचे म्हणणे ऐकून घेऊन नोंदणी रद्द करता येते. येथे चोरी सिद्ध व्हावी लागत नाही. नुसती तफावत पुरेशी आहे.

टॅक्सीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्रासाठी पासिंगला न्यावे लागे. ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात निरीक्षक बोनेट उघडून क्रमांक पाहतो, तो क्षण मालकासाठी परीक्षेचा असे. इंजिनबदलाची नोंद रीतसर करायची तर खरेदीचे बिल हवे. जुन्या बाजारातील इंजिनाला बिल नसे. म्हणून दलालाची मदत, नाहीतर क्रमांकाचीच 'दुरुस्ती'. जुन्या इंजिनावरील क्रमांक घासून काढून त्यावर आपल्या आरसी बुकातील क्रमांक पंच करणे, हा मार्ग येथून सुरू होतो. या ठिकाणी एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. असा पंच केलेले प्रत्येक इंजिन चोरीचे नसे. अपघातात गेलेल्या गाडीचे, प्रामाणिकपणे विकत घेतलेले इंजिनही केवळ कागदाची कटकट टाळण्यासाठी याच रीतीने 'सरळ' केले जाई. नियमाच्या जाचाने प्रामाणिक माणसाला चोराच्याच हत्यारापाशी नेऊन उभे केले आणि दोघांची इंजिने बाहेरून सारखी दिसू लागली.

आतून मात्र ती सारखी नसतात. क्रमांक ठोकताना पंचाच्या दाबाने धातूचे कण खोलवर दाबले जातात. वरचा थर घासला तरी हा दाबलेला भाग शिल्लक राहतो आणि आम्लयुक्त रसायन लावल्यास तो आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने झिजतो. मूळ आकडे काही काळ पुन्हा दिसू लागतात. कालिना येथील न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे अशा तपासणीचे काम येते. पोलादी चासीवर ही पद्धत चांगली चालते. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर ती तितकी खात्रीची नाही. त्यातही क्रमांकाचा भाग खोल खणून वेल्डिंगने भरला असेल तर काहीच हाती लागत नाही. म्हणजेच जो साक्षीदार कायद्याने मुख्य मानला, तो इंजिनाच्या बाबतीत चासीपेक्षा दुबळा आहे.

'विश्वास ठेवण्यास कारण'

भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४११ नुसार चोरीचा माल अप्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होता; चोरीसाठी कलम ३७९ खालील शिक्षाही तेवढीच होती. चोर आणि चोरीचा माल घेणारा यांना एकाच तराजूत तोलण्यामागे, घेणारा नसेल तर चोर नसेल, ही जुनी समजूत आहे. नित्य अशा मालाचा व्यापार करणाऱ्यासाठी कलम ४१३ मध्ये आजन्म कारावासापर्यंत शिक्षा होती. परंतु दोषी ठरवण्यासाठी माल चोरीचा आहे हे आरोपीला 'माहीत' होते किंवा तसा 'विश्वास ठेवण्यास कारण' होते, हे दाखवावे लागे. संहितेच्याच कलम २६ प्रमाणे असा विश्वास ठेवण्यास पुरेसे कारण असले पाहिजे. नुसता संशय पुरत नाही.

मिस्त्रीच्या उत्तरदायित्वाचा सारा प्रश्न या दोन शब्दांच्या मधल्या जागेत आहे. अनुभवी मिस्त्रीला इंजिन पाहताच पुष्कळ काही कळते. माउंटिंगचे बोल्ट पान्याने खोललेले आहेत की छिन्नीने तोडलेले, वायरिंग सोडवले आहे की कापले, क्रमांकाच्या पट्टीवर ताजी कानस फिरली आहे काय, या गोष्टी त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. निम्म्याहून कमी किंमत, रात्रीची पोच आणि बिलाचा अभाव यांची बेरीज केली तर 'कारण' तयार होते. तरीही व्यवसायात एक सोयीची विभागणी रूढ झाली. 'इंजिन गिऱ्हाइकाने आणले, मी फक्त बसवले' असे मिस्त्री म्हणे. 'मिस्त्रीने पसंत केले, मला त्यातले कळत नाही' असे टॅक्सीमालक म्हणे. आणि भंगारवाला वजनावर माल घेत असल्यामुळे त्याच्या दृष्टीने तो लोखंडाचा तुकडा असे. ज्ञान मिस्त्रीपाशी, ताबा मालकापाशी आणि नफा भंगारवाल्यापाशी अशी ही वाटणी झाल्यामुळे गुन्ह्याचे तीन घटक एका व्यक्तीत क्वचितच एकत्र सापडत.

या अडचणीवर मुंबईत पोलीस कायद्याचा उतारा होता. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याच्या कलम १२४ खाली, चोरीचा असल्याचे मानण्यास कारण असलेला माल ज्याच्या ताब्यात सापडेल त्याने त्याचा समाधानकारक खुलासा केला नाही तर तो शिक्षेस पात्र ठरतो. पुराव्याच्या कायद्यातही, चोरीनंतर लवकरच माल ताब्यात असलेली व्यक्ती चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारी आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येते. या तरतुदींचा परिणाम एकच : ओझे ताबा असलेल्यावर येते. आणि इंजिन बसवून झाल्यावर ताबा असतो तो टॅक्सीवाल्याचा. साखळीतील सर्वांत कमी जाणणारा आणि सर्वांत सहज सापडणारा मनुष्य प्रथम उत्तरदायी ठरला, हे या व्यवस्थेचे मोठे वैगुण्य होय. त्याची गाडी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली की रोजची कमाई थांबे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ सडत ठेवू नयेत, योग्य बंधपत्र घेऊन ती लवकर परत द्यावीत असे निर्देश दिले. त्यापूर्वीची दशके पावसात गंजून गेलेल्या गाड्यांची होती.

न्यायालय, धूर आणि इंजिनांची नवी मागणी

विसाव्या शतकाच्या अखेरीस इंजिनबदलाला एक अनपेक्षित वळण मिळाले. पेट्रोल व डिझेल यांच्या भावातील फरकामुळे अनेक टॅक्सीचालक डिझेल इंजिनाकडे वळले होते. प्रीमियरनेही पद्मिनीची १३७ डी ही डिझेल आवृत्ती काढली होती. या गाड्यांच्या धुराविरुद्ध स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या संस्थेने १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. न्यायालयाने तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पुढे जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी मुदती घालून दिल्या. महानगर गॅस ही कंपनी १९९५ पासून अस्तित्वात असल्यामुळे सीएनजीचा पर्याय हाताशी होता.

यांत्रिक दृष्ट्या मात्र एक अडचण होती. सीएनजी संच ठिणगीवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाला सहज जोडता येतो. दाबाने पेट घेणाऱ्या डिझेल इंजिनाला नाही. म्हणून डिझेल टॅक्सीला सीएनजीवर आणायचे तर बहुधा प्रथम तिचे इंजिनच बदलून पेट्रोलचे बसवावे लागे. पद्मिनीचे उत्पादन याच सुमारास थांबत होते. ठरावीक मुदतीत, ठरावीक जातीची इंजिने मोठ्या संख्येने हवीत आणि नवी मिळत नाहीत, अशी स्थिती निर्माण झाल्यावर मागणीचा ओघ जुन्या बाजाराकडे वळणे अपरिहार्य होते. हवा शुद्ध करण्याच्या योग्य हेतूने दिलेल्या आदेशांत, बदली इंजिन कोठून आणायचे याचा विचार दुय्यम राहिला. शासनाने त्या वेळी तपासलेल्या जुन्या इंजिनांचा एखादा अधिकृत साठा उभा केला असता, तर टॅक्सीवाल्याला चोरबाजाराची पायरी चढावी लागली नसती.

भंगाराची नोंद

गाडीची चोरी ही पुष्कळदा गाडीसाठी नसून तिच्या भागांसाठी असते, हे अन्य देशांनी लवकर ओळखले. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने अधिक चोरीस जाणाऱ्या मोटारींच्या इंजिनासह प्रमुख भागांवर ओळखक्रमांक घालणे उत्पादकांना भाग पाडले. भारतात दीर्घकाळ गाडी 'कापण्या'च्या धंद्यावर विशेष कायदा नव्हता. मुंबईत महापालिकेचा परवाना जागा, आग आणि उपद्रव यांचा विचार करी; मालाच्या उगमाशी त्याला कर्तव्य नव्हते. उत्तर प्रदेशात मेरठच्या सोतीगंज येथील गाड्या खोलण्याचा कुप्रसिद्ध बाजार डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राने वाहन मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी नियम जारी केले. गाडी मोडण्यापूर्वी ती चोरीची नाही ना हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीशी ताडून पाहणे आणि चासी क्रमांकाचा कापलेला तुकडा सहा महिने जपून ठेवणे या गोष्टी त्यांत आहेत. लक्ष पुन्हा चासीवर आहे.

दरम्यान ज्या गाडीभोवती मुंबईतील हा व्यवसाय वाढला तीच संपली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव कार्यालयात नोंदली गेली होती; टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मर्यादा पूर्ण झाल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. १ जुलै २०२४ रोजी दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. वाहनचोरी आता कलम १११ मधील संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत नावानिशी आली आहे आणि कलम ३०५ खाली प्रवासी वा माल वाहून नेणाऱ्या साधनाच्या चोरीची शिक्षा सात वर्षांपर्यंत गेली आहे. चोरीचा माल घेणाऱ्यासाठी मात्र कलम ३१७ मध्ये तीन वर्षांचीच मर्यादा राहिली असून, माहिती असणे किंवा विश्वास ठेवण्यास कारण असणे ही कसोटीही १८६० मध्ये होती तीच आहे.